निवड यादीबाहेरचा करार : माल्कम बटलर, २०१४

न्यू इंग्लंड पेट्रियट्स या अमेरिकन फुटबॉल संघाने १९ मे २०१४ रोजी माल्कम बटलर नावाच्या चोवीस वर्षांच्या खेळाडूशी करार केला. त्या सोमवारी या बातमीची दखल घेण्याचे कोणालाही काही कारण नव्हते. नऊ दिवसांपूर्वी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये नॅशनल फुटबॉल लीगचा, म्हणजे एनएफएलचा, वार्षिक ड्राफ्ट संपला होता. तीन दिवस आणि सात फेऱ्या चाललेल्या त्या निवडीत ३२ संघांनी मिळून २५६ खेळाडू उचलले होते आणि त्यांत बटलरचे नाव नव्हते. साडेआठ महिन्यांनी, १ फेब्रुवारी २०१५ रोजी, याच खेळाडूने सुपर बोलच्या, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याच्या, अखेरच्या अर्ध्या मिनिटात प्रतिस्पर्ध्याचा चेंडू गोल रेषेवर हिसकावून घेतला आणि पेट्रियट्सला विजेतेपद मिळाले.

हे प्रकरण बहुधा नशिबाची गोष्ट म्हणून सांगितले जाते. नशिबाचा वाटा त्यात आहेच, पण तो सांगितला जातो तितका मोठा नाही. ड्राफ्टमध्ये न निवडलेल्या खेळाडूला करार मिळतो, तेव्हा त्याला पैशाची हमी मिळत नाही आणि संघात जागाही मिळत नाही. मिळतो तो केवळ सरावाच्या मैदानावर उभे राहण्याचा हक्क. बटलरने त्या हक्काचे काय केले आणि संघाने त्याच्या स्वस्त कराराचे काय केले, या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय प्रकरण पुरते उलगडत नाही.

ड्राफ्ट संपल्यानंतरचा बाजार

आपल्या वाचकांना ड्राफ्ट म्हटले की आयपीएलचा लिलाव आठवतो, परंतु दोन्हींत मूलभूत फरक आहे. ड्राफ्टमध्ये बोली नसते. सर्वसाधारणपणे आधीच्या हंगामात तळाला राहिलेला संघ आधी निवड करतो, ज्या संघाने नाव पुकारले त्याच्याशीच खेळाडूने करार करायचा असतो, आणि नाव कितव्या क्रमांकावर आले त्यावरून कराराची रक्कम जवळजवळ आपोआप ठरते. २०१४ मध्ये पहिल्या क्रमांकावर ह्यूस्टन टेक्सन्सने घेतलेल्या जडेव्हियन क्लाउनीचा चार वर्षांचा करार सुमारे २ कोटी २२ लाख डॉलरचा होता.

शेवटचे नाव पुकारले गेले की दुसरा बाजार सुरू होतो. प्रत्येक संघाला उन्हाळी शिबिरासाठी ९० खेळाडू ठेवता येतात, ड्राफ्टमधून मात्र जेमतेम सात-आठ येतात. उरलेल्या जागा भरण्यासाठी प्रशिक्षक आणि संघाचे शोधकर्ते त्याच संध्याकाळी खेळाडूंच्या एजंटांना फोन लावतात. या खेळाडूंना मिळणाऱ्या बोनसवर संघनिहाय मर्यादा असते, त्यामुळे अगदी मागणी असलेल्या नवख्याच्या हातीही त्या मानाने किरकोळ रक्कम पडते. एक फायदा मात्र असतो, आणि तो बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. सातव्या फेरीत निवडल्या गेलेल्या खेळाडूला संघ निवडता येत नाही, तर ड्राफ्टबाहेर राहिलेल्याला दोन-तीन ठिकाणांहून विचारणा झाल्यास आपल्या जागेवर कोठे गर्दी कमी आहे, हे पाहून निर्णय घेता येतो.

बटलरला ही चैनदेखील नव्हती. ड्राफ्टनंतरच्या फोनाफोनीत त्याला करार मिळाला नाही. पेट्रियट्सने त्याला नवोदितांच्या छोट्या शिबिरात केवळ चाचणीसाठी बोलावले. निवडलेले खेळाडू, त्यांच्याखाली करार मिळालेले न निवडलेले, आणि त्यांच्याही खाली हे चाचणीला आलेले पाहुणे, अशी ही उतरंड आहे. या पाहुण्यांपैकी बहुतेक जण दोन-तीन दिवस धावपळ करून परतीचे विमान पकडतात.

तो निवडला का गेला नाही

बटलर मिसिसिपी राज्यातील व्हिक्सबर्गचा. महाविद्यालयीन खेळाची सुरुवात त्याने हाइंड्स कम्युनिटी कॉलेजमधून केली, परंतु २००९ मध्ये पाच सामन्यांनंतर त्याला संघातून काढण्यात आले. त्या काळात तो व्हिक्सबर्गच्या पोपाइज या तळलेल्या चिकनच्या दुकानात नोकरी करत होता, आणि पुढे प्रत्येक वार्ताहराने त्याच्याबद्दलचा मजकूर याच दुकानापासून सुरू केला. २०११ मध्ये हाइंड्सने त्याला परत घेतले. त्यानंतरची दोन वर्षे तो युनिव्हर्सिटी ऑफ वेस्ट अलाबामाकडून खेळला. हे विद्यापीठ लिव्हिंग्स्टन नावाच्या लहानशा गावात आहे आणि त्याचा संघ महाविद्यालयीन खेळाच्या दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन टूमध्ये, खेळतो.

संघांच्या शोधकर्त्यांच्या दृष्टीने ही माहिती गाळणीचे काम करते. दुसऱ्या श्रेणीतील बचावपटूसमोर उभे राहणारे प्रतिस्पर्धीही दुसऱ्या श्रेणीतलेच असतात, त्यामुळे चित्रफितीत तो कितीही उठून दिसला तरी ती कामगिरी कशाशी ताडून पाहायची, हा प्रश्न उरतो. मग मोजमापांना अवाजवी महत्त्व येते. इंडियानापोलिसला भरणाऱ्या अखिल अमेरिकन चाचणीचे, म्हणजे कम्बाइनचे, बटलरला आमंत्रण नव्हते. विद्यापीठातील चाचणीत त्याने ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, धावण्यास ४.६२ सेकंद घेतले. कॉर्नरबॅक या जागेसाठी ही वेळ मंद मानली जाते, कारण या खेळाडूला प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत वेगवान माणसामागे, त्याची दिशा आधी माहीत नसताना, उलटे आणि तिरके धावायचे असते.

शोधकर्त्यांनी चूक केली असे म्हणणे सोपे आहे, पण ते पूर्णतः बरोबर होणार नाही. त्यांच्या हाती जे आकडे होते ते खरेच होते. समोरच्याची चाल ओळखल्यापासून पहिले पाऊल पडेपर्यंतचा वेळ मात्र घड्याळाने मोजला जात नाही, आणि बटलरची जमेची बाजू नेमकी तीच होती.

करारात काय होते

पेट्रियट्सच्या फॉक्सबरो येथील शिबिरात बटलरचा खेळ प्रशिक्षकांच्या नजरेत भरला आणि ते आटोपताच करार झाला. २०११ च्या सामूहिक करारानुसार ड्राफ्टबाहेरच्या नवख्यांचा करार तीन वर्षांचा असतो. बटलरच्या बाबतीत दर वर्षाचे किमान वेतन तेवढे लागू होते : पहिल्या वर्षी ४ लाख २० हजार, दुसऱ्या वर्षी ५ लाख १० हजार आणि तिसऱ्या वर्षी ६ लाख डॉलर, एकूण १५ लाख ३० हजार. मराठी वाचकाला ही रक्कम थोडी वाटणार नाही. परंतु हा पैसा हंगाम सुरू झाल्यानंतर दर आठवड्याला हप्त्याहप्त्याने मिळत असे, आणि तोही ५३ जणांच्या अंतिम यादीत नाव असेल तरच. पहिल्या वर्षी सतरा आठवड्यांच्या हिशेबाने हा हप्ता सुमारे २४,७०० डॉलर होतो. यादीबाहेर पडून सराव गटात जागा मिळाली, तर त्या वर्षी आठवड्याचे किमान मानधन ६,३०० डॉलर होते. आणि तीही न मिळाल्यास ऑगस्टअखेर करार कागदापुरताच उरला असता.

त्यातून पेट्रियट्सकडे कॉर्नरबॅकची वानवा नव्हती. मार्च २०१४ मध्येच त्यांनी डॅरेल रेव्हिस आणि ब्रँडन ब्राउनर हे नावाजलेले बचावपटू आणले होते. काइल अरिंग्टन, लोगन रायन आणि अल्फोंझो डेनार्ड आधीपासून संघात होते. शिवाय त्या वर्षीच्या ड्राफ्टच्या सहाव्या फेरीत त्यांनी जेमिया थॉमस हा आणखी एक बचावपटू निवडला होता. तरीही ऑगस्टअखेर नव्वदाचे त्रेपन्न करताना थॉमसचे नाव गळले आणि बटलरचे राहिले. येथे दोन गोष्टींची नोंद करायला हवी. पहिली म्हणजे ब्राउनरला हंगामातील पहिल्या चार सामन्यांचे निलंबन होते आणि निलंबित खेळाडू ५३ मध्ये मोजला जात नाही, त्यामुळे सुरुवातीची दाटी किंचित कमी झाली होती. दुसरी अधिक महत्त्वाची. मुख्य प्रशिक्षक बिल बेलिचिक यांच्या कारकिर्दीत हा संघ २००४ पासून सलग अनेक वर्षे किमान एका न निवडलेल्या नवख्याला पहिल्या यादीत घेत आला होता. ड्राफ्टच्या क्रमांकाची किंमत मे महिन्यात मोजून झाली, ऑगस्टमध्ये ती पुन्हा मोजायची नाही, हा शिरस्ता तेथे बऱ्यापैकी पाळला जाई. अन्य अनेक ठिकाणी निवड चुकल्याची कबुली नको म्हणून निवडलेल्यालाच ठेवून घेण्याकडे कल असतो.

सरावातील चूक

नियमित हंगामात बटलर ११ सामने खेळला, त्यांपैकी एकाच सामन्यात तो सुरुवातीपासून मैदानात होता, आणि एकही पास त्याने हिसकावला नाही. पाहणाऱ्याला हे आकडे सामान्य वाटतील. परंतु अशा नवख्याचे खरे काम आठवडाभर चालते : प्रतिस्पर्ध्याच्या चाली शिकून घेणे आणि आपल्याच संघातील कसलेल्या खेळाडूंसमोर त्या पुनःपुन्हा सोडवणे.

सुपर बोलच्या तयारीत अशीच एक चाल आली. प्रतिस्पर्धी सिॲटल सीहॉक्स गोल रेषेजवळ दोन रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे खेळाडू, एकाच बाजूला एकापुढे एक उभे करतात, पुढचा आपल्या अंगाने बचावपटूची वाट अडवतो आणि मागचा त्याच्या आडोशाने आत वळून चेंडू झेलतो, हे पेट्रियट्सच्या अभ्यासात आढळले होते. सरावात सिॲटलच्या क्वार्टरबॅकची, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूची, भूमिका जिमी गारोपोलोकडे होती. बटलर ज्या ड्राफ्टमध्ये निवडला गेला नाही, त्याच ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत संघाने गारोपोलोला घेतले होते. त्याने चेंडू फेकला, जॉश बॉइस या सराव गटातील रिसीव्हरने झेलला, आणि बटलर मागे राहिला. अडवणाऱ्या खेळाडूला वळसा घालून जाण्यात त्याचे एक-दोन पावलांचे नुकसान झाले होते. ही चाल आली तर तू तेथे असायलाच हवे, अशा अर्थाचे बेलिचिक यांनी त्याला सुनावले. हा प्रसंग बटलरने स्वतः नंतर सांगितला आहे. माझ्या दृष्टीने या संपूर्ण प्रकरणाचा कणा हाच क्षण आहे, कारण यादीतल्या शेवटच्या माणसाला त्याच्या वेतनापेक्षा मौल्यवान असे जे काही मिळू शकते, ते म्हणजे सरावात केलेली आणि वेळीच दाखवून दिलेली चूक.

गोल रेषेवरचे काही सेकंद

ॲरिझोनातील ग्लेनडेल येथे झालेल्या त्या अंतिम सामन्यात बटलर सुरुवातीला बाकावरच होता. सिॲटलच्या क्रिस मॅथ्यूजने पेट्रियट्सच्या बचावाची दाणादाण उडवल्यावर बेलिचिक यांनी कॉर्नरबॅकची मांडणी बदलली आणि उत्तरार्धात बटलरला मैदानात धाडले. शेवटच्या क्वार्टरच्या प्रारंभी १४-२४ असा पिछाडीवर असलेला संघ आपला क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याच्या दोन टचडाउन पासांमुळे, म्हणजे गोल रेषेपार झेलल्या गेलेल्या पासांमुळे, २८-२४ असा पुढे गेला, तेव्हा दोन मिनिटे आणि दोन सेकंद उरले होते.

सिॲटलला तेवढा वेळ पुरेसा होता. क्वार्टरबॅक रसेल विल्सनने उजवीकडे लांब चेंडू फेकला. बटलरने उडी घेऊन तो बोटांनी उडवला, परंतु खाली पडलेल्या जर्मेन कर्सच्या पायांवर आणि हातांवर चेंडू उसळत राहिला आणि अखेरीस त्याच्याच हातात विसावला. बटलर लगेच उठला आणि त्याने कर्सला सीमारेषेबाहेर ढकलले. तसे न करता तो हताश होऊन पडून राहिला असता, तर सामना तेथेच संपला असता. चेंडू गोल रेषेपासून पाच यार्डांवर होता. पुढच्या खेपेस मार्शॉन लिंचने धावत तो एक यार्डावर नेला.

घड्याळ चालू राहिले आणि बेलिचिक यांनी घड्याळ थांबवणारा टाइमआउट घेतला नाही. सिॲटलने तीन रिसीव्हर आणलेले दिसताच पेट्रियट्सने तीन कॉर्नरबॅकांची गोल रेषेवरची रचना पुकारली आणि तिसरा म्हणून बटलर धावत आत आला. उजवीकडे दोन रिसीव्हर एकापुढे एक उभे होते : पुढे कर्स, मागे रिकार्डो लॉकेट. ब्राउनरने बटलरला मागे थांबण्याची खूण केली आणि स्वतः कर्ससमोर ठाकला. २६ सेकंद उरले असताना चेंडू सुटला. ब्राउनरने कर्सला जागच्या जागी रोखून धरले, त्यामुळे बटलरच्या वाटेत यायचा तो आडोसा तयारच झाला नाही. या वेळी बटलरने वळसा घातला नाही. लॉकेट आत वळण्याच्या सुमारास त्याने थेट चेंडूच्या वाटेवर झेप घेतली, लॉकेटच्या आधी तेथे पोहोचला, धडकेतही चेंडू छातीशी धरून ठेवला आणि गोल रेषेजवळ कोसळला. एनएफएलमधील त्याचा हा पहिलाच हिसकावलेला पास.

त्या कोपऱ्यातल्या चौघांकडे आता नीट पाहिले पाहिजे. लॉकेट २०११ च्या ड्राफ्टमध्ये निवडला गेला नव्हता. कर्स २०१२ मध्ये निवडला गेला नव्हता. ब्राउनर २००५ मध्ये निवडला गेला नव्हता आणि कॅनडाच्या लीगमध्ये काही वर्षे काढून परतला होता. बटलरचे तर हे पहिलेच वर्ष. जगात सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या सामन्यांपैकी एकाचा निकाल लावणारे हे चारही खेळाडू यादीबाहेरचे होते. त्याच सामन्यात १०९ यार्डांची कमाई करणारा मॅथ्यूजही ड्राफ्टबाहेरचाच; सिॲटलचा फोन आला तेव्हा तो बुटांच्या दुकानात काम करत होता आणि एनएफएलच्या नियमित हंगामात त्याने तोवर एकही चेंडू झेलला नव्हता. यादीबाहेरून आलेल्या एका खेळाडूमुळे पेट्रियट्सना आपली मांडणी बदलावी लागली आणि त्या बदलामुळे यादीबाहेरचाच दुसरा खेळाडू मैदानात आला.

चेंडू लिंचच्या हाती देण्याऐवजी पास फेकल्याबद्दल सिॲटलचे प्रशिक्षक पीट कॅरोल यांच्यावर टीकेची झोड उठली आणि ती आजही थांबलेली नाही. मला ती बरीचशी पश्चातबुद्धीची वाटते. त्या हंगामात एक यार्डावरून लिंचने पाच वेळा प्रयत्न केला होता आणि एकदाच तो गोल रेषेपार गेला होता. एक यार्डावरून फेकलेला पास मात्र तोपर्यंत एकदाही कोणी हिसकावला नव्हता. हाती एकच टाइमआउट असताना एक खेप पासवर खर्च करण्यात हिशेब होता. कॅरोल चुकले असे म्हणताना आपण नकळत बटलरचे श्रेय कापून घेतो.

हिशेबाची दुसरी बाजू

सामन्याचा मानकरी म्हणून ब्रेडीला मिळणारी मोटार त्याच्या इच्छेनुसार बटलरला देण्यात आली. करार मात्र बदलला नाही. पुढच्या हंगामात बटलर संघाचा प्रमुख कॉर्नरबॅक झाला आणि प्रो बोल या लीगमधील निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला; २०१६ च्या हंगामात लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या दुसऱ्या फळीत त्याचे नाव आले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याला दुसरे विजेतेपद मिळाले. या तिन्ही वर्षांत त्याचे मूळ वेतन किमान दराचेच राहिले. दोन हंगामांनंतर करार नव्याने करण्याची मुभा नियमात असते, परंतु संघावर तशी सक्ती नसते.

तीन वर्षे संपली तरी तो पूर्ण मोकळा झाला नाही. तीन हंगाम झालेला खेळाडू मर्यादित अर्थानेच मुक्त असतो : जुना संघ ठरावीक रकमेचा एका वर्षाचा प्रस्ताव ठेवतो आणि दुसऱ्या संघाला तो खेळाडू हवा असेल, तर मोबदला म्हणून ड्राफ्टमधील निवड गमवावी लागते. पेट्रियट्सने पहिल्या फेरीच्या मोबदल्याचा, ३९ लाख १० हजार डॉलरचा प्रस्ताव ठेवला. ज्याच्यासाठी २०१४ मध्ये कोणी सातव्या फेरीचीही निवड खर्च केली नव्हती, त्याच्यासाठी आता पहिल्या फेरीची निवड मागितली जात होती, आणि नेमकी हीच किंमत त्याच्या सुटकेच्या आड आली. न्यू ऑर्लिन्स सेंट्सशी त्याच्या गाठीभेटी झाल्या, पण व्यवहार जुळला नाही. त्याच मार्चमध्ये पेट्रियट्सने बफेलोहून स्टीफन गिलमोर या कॉर्नरबॅकला पाच वर्षांसाठी ६ कोटी ५० लाख डॉलर देऊन आणले होते. बटलरने एप्रिलमध्ये प्रस्तावावर सही केली.

पुढचा हंगाम तो जवळजवळ प्रत्येक चेंडूला मैदानात होता. ४ फेब्रुवारी २०१८ रोजी मिनियापोलिस येथे फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात मात्र बेलिचिक यांनी त्याला बचावफळीत एकदाही उतरवले नाही. राष्ट्रगीताच्या वेळी त्याच्या डोळ्यांत पाणी असल्याचे कॅमेऱ्यांनी टिपले. पेट्रियट्सच्या बचावाने त्या दिवशी ४१ गुण दिले आणि सामना ३३-४१ असा गमावला. निर्णय संघहिताचा होता, यापलीकडे बेलिचिक यांनी त्याचे सविस्तर स्पष्टीकरण कधी जाहीरपणे दिले नाही.

पाच आठवड्यांनी बटलर प्रथमच खऱ्या अर्थाने मोकळा झाला आणि टेनेसी टायटन्सने त्याच्याशी पाच वर्षांचा, ६ कोटी १० लाख डॉलरपर्यंत जाणारा करार केला. त्यातली तीनच वर्षे त्याच्या वाट्याला आली. मार्च २०२१ मध्ये टायटन्सने त्याला सोडले. ॲरिझोना कार्डिनल्सशी करार करूनही त्या वर्षी तो खेळला नाही. २०२२ च्या वसंतात पेट्रियट्सने त्याला पुन्हा बोलावले. परंतु ऑगस्टमध्ये, नव्वदाचे त्रेपन्न होण्याआधीच, त्याचे नाव जखमींच्या यादीत गेले.